सगळ्यात वरचं पान

व्हर्ना दुत्रा पालो आल्टोतल्या एका छोट्या सर्च कंपनीत कामाला होती. लोकांनी काही शोधलं की यंत्र इंटरनेटवरच्या पानांचा क्रम लावायचं आणि तो नीट लागलाय का, हे व्हर्ना तपासायची. ज्या पानाकडे दुवे देऊन जास्त पानं बोट दाखवतात ते वर जातं, हा यंत्राचा हिशेब तिला पक्का ठाऊक होता.

एका शनिवारी तिचा नवरा मॅनी ओकच्या झाडांखालून आळंबी घेऊन आला आणि लोण्यात परतून एकट्यानेच खाल्ली. व्हर्नाला त्या वासानेच मळमळायचं. रविवारी पहाटे त्याला उलट्या-जुलाब सुरू झाले. संध्याकाळी मात्र तो सोफ्यावर सूप पीत बसला.

"निघून गेलं सगळं," तो म्हणाला. "तुझं तोंड बघून वाटतंय, मी मेलोच."

तिने कॉम्प्युटर उघडून आळंबीच्या विषबाधेबद्दल शोधलं. सगळ्यात वर एका झाडपाल्यावाल्याचं देखणं पान आलं. उलटी थांबली म्हणजे विष बाहेर पडलं, आता विश्रांती घ्या, असं त्यात होतं. तिला ते मनापासून खरं मानायचं होतं, आणि त्याचीच तिला भीती वाटली. पुष्कळांनी बोट दाखवलं एवढंच यंत्राला कळतं. खरंखोटं त्याला कुठे कळतं?

ती खाली खाली जात राहिली. बरंच खाली एका विद्यापीठाचं रुक्ष पान सापडलं. त्यात एका विषारी आळंबीची खूण दिली होती: हिरवट टोपी, तिच्या खालच्या बाजूला पांढरे पातळ पापुद्रे. उलट्या थांबून माणसाला बरं वाटतं, तेव्हाच आत यकृत मरत असतं.

तिने कचऱ्याचा डबा उपसला. आळंबीच्या उरलेल्या तुकड्यावर हिरवट झाक होती. तिने तो पिशवीत घेतला.

"मॅनी, बूट घाल. दवाखान्यात जायचंय."

"अगं, मॅच चाललीय."

"घाल म्हणते ना."

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि टीव्ही बंद केला.

तो तुकडा पाहताच दवाखान्यातली डॉक्टरीणबाई उठून उभी राहिली. पुढे मॅनी पिवळा पडला, यकृत बदलण्याची भाषा सुरू झाली. व्हर्ना खुर्चीतून हलली नाही. मग हळूहळू त्याचं यकृत सावरलं. तो घरी आला, पण निम्माच झाला होता.

व्हर्नाने झाडपाल्यावाल्याचं ते पान आपल्या साहेबाला, रॉस्कोला, दाखवलं. तो म्हणाला, "हे हाताने खाली ढकलू गं. पण अशी किती असतील?"

ती जागेवर बसली. समोरच्या पडद्यावर कुणीतरी विचारलं होतं, बाळ ताप उतरल्यावर उठत नाही, काय करू? सगळ्यात वर आलेलं पान बरोबर की चूक, हा शेरा तिला द्यायचा होता. शेरा न देता ती पुन्हा खाली खाली जाऊ लागली.