पट्टी लागली की खोली तुझी

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे भावोजी, यांना ओळखीतले सगळे ‘रेसर’ म्हणतात. हा माणूस रस्ता ओलांडताना अर्ध्यातून मागे फिरतो, विमा कचेरीत त्याने उभी हयात एका खुर्चीत काढली, आणि नाव रेसर. का, तर त्यांच्याकडे एक जुनी स्पोर्ट्स कार आहे. लाल, बुटकी, दोन माणसांची. ती कधी धावली असेल तर यांच्या हाती पडण्याआधी. यांच्याकडे आल्यापासून ती फक्त पुसली जाते.

गाडी उभी असते ती घरातली तळमजल्याची एकुलती खोली. आधीच्या मालकाचं तिथे दुकान होतं, त्यामुळे रस्त्याच्या बाजूला शटर आणि मागे न्हाणीघर. बाकी सगळं घर वर, एका उभ्या जिन्याच्या टोकाला. ताईचे दोन्ही गुडघे गेलेत. ती जिना बसून उतरते, पायरीपायरीला टेकत, रांगतं मूल उतरतं तशी. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, यांची खाट खाली आणा. भावोजी म्हणाले, “आणू की! गाडी पूर्ण झाली की विकून टाकतो. मग खोली तुझीच.”

आता गाडी पूर्ण होणं म्हणजे काय, हे देवच जाणे. आधी सीटचं कातडं राहिलं होतं. मग वेग दाखवणाऱ्या काट्यांच्या काचा राहिल्या, मग दाराची कडी. ताई वर बसून वाट बघत होती आणि हे खाली उकिडवे बसून मऊ फडक्याने चाकांच्या तारा पुसत होते, एकेक तार, जशी काही तान्ह्याची बोटं. ताईला ताप आला तेव्हा तिच्या कपाळावर घडी ठेवायला मला बस पकडून यावं लागलं होतं. असो.

शेवटी फक्त बंपरची पट्टी उरली. पुढच्या चकचकीत बंपरवर मधोमध काळ्या रबराची एक लांब पट्टी असते, कुठे टेकलं तर चरा पडू नये म्हणून. ती जुनी होऊन लाकडासारखी कडक झाली होती, तिला भेगा पडल्या होत्या आणि दोन्ही टोकांना बंपर उघडा पडला होता. भावोजींनी नवी मागवली. रबराचं वेटोळं घरी आलं तेव्हा ताईने देवापुढे साखर ठेवली. मीही हात जोडले. रबरासाठी हात जोडायची वेळ आमच्यावर आली होती.

मी तिथेच होते, म्हणून सांगते. भावोजींनी जुनी पट्टी उपसून फरशीवर आडवी टाकली, शेजारी नवी ठेवली आणि जुनीच्या बरोबरीने कापायला घेतली.

मी म्हटलं, “भावोजी, बंपरवर धरून मापा की.”

“मेहुणीबाई, ही मूळची पट्टी आहे. गाडीबरोबर आलेली. हिच्याहून खरं माप कुणाचं?”

मूळची होती, पण इतक्या वर्षांत आखडून गेली होती. म्हणून तर टोकं उघडी पडली होती! पण ऐकतो कोण. कापली. मग टोकाला पुरेना, तशी ओढूनताणून, डिंक नि चिमटे लावून बसवली. सकाळी बघतो तर रबर आपल्या जागी परत गेलेलं आणि दोन्हीकडे बोटबोटभर बंपर उघडा, जसा आधी होता तसाच.

चुकतं माणसाचं. माझ्याही हातून मीठ जास्त पडतं. मी मनात काही ठेवलं नाही. दुसरी पट्टी मागवली. ती येईपर्यंत ताईचा एक पाय सुजून खांबासारखा झाला.

दुसरं वेटोळं आलं त्या दिवशी ताई जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून बघत होती. भावोजींनी कपाटामागून तीच जुनी पट्टी काढली आणि फरशीवर टाकली.

“अहो,” ताई वरून म्हणाली, “ती आखडलेली आहे ना?”

भावोजींनी मान वर केली नाही. कात्री चालवली. आणि हात जराही अडखळला नाही. चुकणारा माणूस कापण्याआधी एकदा तरी थांबतो. त्या क्षणी मला कळलं की हे मूर्ख नाहीत. मूर्ख असते तर मी त्यांना जास्त मान दिला असता.

त्यानंतर मीच एक गिऱ्हाईक शोधून आणलं. जुन्या गाड्यांच्या नादातलाच माणूस, पण ग्रीसने हात काळे झालेला. त्याने बॉनेट उघडलं, गाडीखाली आडवा झाला, उठून म्हणाला, “मी घेतो.”

भावोजी गडबडले. “बंपरची पट्टी राहिलीय अजून.”

“पट्टीचं काय घेऊन बसलात? ही मी तशीही काढून टाकणार. मी लावीन दुसरी.”

म्हणजे सगळा प्रश्नच मिटला. ताईने जिन्यावरून माझ्याकडे बघितलं, चेहरा पोरगी पास झाल्यासारखा.

भावोजींनी चष्मा काढून पुसला. “अर्धवट गाडी मी कुणाच्या हाती देत नाही. तत्त्व आहे माझं.”

तत्त्व! बायको पायऱ्यांवरून फरफटत येते त्याला तत्त्व नाही. रबराला आहे.

गिऱ्हाईक गेलं. ताई टेकत टेकत वर गेली. दुसऱ्या दिवशी तिने मला फोन करून सांगितलं, “दोन धट्टेकट्टे माणसं घेऊन ये.”

आम्ही खाट खाली आणली. जागा कुठे, तर गाडी आणि भिंत यांच्या मधे, अशी की गाडीचं दार उघडणार नाही. तिचे देव ठेवायला कोनाडा नव्हता, म्हणून ताईने बॉनेटवर स्वच्छ कापड पसरलं आणि त्यावर देव मांडले. मला जरा अवघडल्यासारखं झालं. पण देव शांत बसले होते. त्यांची काही हरकत दिसली नाही.

हरकत भावोजींची. “अगं, गादीचा कापूस उडेल! डिंक परत लावलाय, ओला आहे, पट्टीला चिकटेल!”

“चिकटू दे,” ताई उशी ठोकत म्हणाली. “तेवढीच लांब होईल.”

दोघं हमाल फस्सकन हसले. भावोजी मात्र नाही.

स्वयंपाकघर वरच आहे. ताई आता वर जात नाही, त्यामुळे भात भावोजी लावतात. कच्चा राहतो म्हणे. परवा मी ताईपाशी बसले होते तेव्हा ते ताट घेऊन खाली आले. येता येता सवयीने बंपरपाशी थांबले, ताट चाकावरच्या पत्र्यावर टेकवलं आणि खिशातला फडका काढला.

“ताट आधी इकडे,” ताई म्हणाली. “मग गाडीला हात लावा.”

त्यांनी एकदा पट्टीकडे बघितलं, एकदा देवांकडे. मग फडका खिशात घातला आणि ताट आणून दिलं. लोणचं विसरले होते. ते आणायला पुन्हा वर गेले.