मंठ्याचा डावा स्पीकर

प्रल्हादभाऊ गाणं ऐकत नसत, तपासत. स्टुलावर चढायचं, भिंतीवरच्या स्पीकरला एक कान चिकटवायचा, दुसऱ्या कानावर पंजा दाबायचा आणि डोळे मिटून घ्यायचे. मिनिटभराने खाली उतरून ते निकाल देत, "डाव्यातून आला. म्हंजी सोलो भुऱ्याचा. बस." तालुक्याच्या कोर्टातले न्यायाधीशसुद्धा इतक्या तोऱ्यात बोलत नसतील.

मंठ्याच्या बाजारगल्लीत त्यांचं कॅसेटी भरून द्यायचं दुकान होतं. भजनं, कव्वाल्या, लग्नातली गाणी यांवर पोट चालायचं. पण वरच्या फळीवर पुण्याच्या मेहुण्याने आणलेल्या प्रोग्रेसिव्ह मेटल या परदेशी रॉक संगीताच्या वीसेक कॅसेटी होत्या, आणि भाऊंची सगळी ऐट त्या फळीवर होती. एकेक गाणं बारा-पंधरा मिनिटांचं, ताल चारदा बदलणार, मधेच एकट्या गिटारचा लांबलचक सोलो. ऐकणारे अख्ख्या तालुक्यात आम्ही पाच-सहा जण, आणि आव असा की जगात हे संगीत आमच्याच भरवशावर उभं आहे. मी तिथल्या शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. शाळेत मला कोणी विचारत नव्हतं. दुकानात माझं मत घेतलं जायचं. तेवढ्यासाठी मी रोज संध्याकाळी जात असे.

आमच्या लाडक्या बँडात दोन गिटारवाले होते. त्यांची नावं कोणालाच नीट म्हणता येत नसत, म्हणून कव्हरवरच्या फोटोवरून एक भुऱ्या आणि दुसरा चष्म्या. कॅसेटच्या आतल्या कागदावर छापलं होतं की डावीकडून ऐकू येतो तो भुऱ्या, उजवीकडून चष्म्या. गाणी कोणी रचली, याबद्दल मात्र तिथे फक्त बँडचं नाव होतं. भाऊंना ते बिलकुल पटत नसे. "समद्यांनी लिव्हलं म्हंजी कुनीच लिव्हलं न्हाई," ते म्हणत. मग त्यांनी स्वतःचा कायदा काढला. ज्याचा सोलो, त्याचं गाणं. स्टुलावर चढून लावलेला निकाल ते कव्हरवर लाल पेनाने लिहून ठेवत. बहुतेक कव्हरांवर 'भुऱ्या' लिहिलेलं होतं. चष्म्या हा त्यांच्या मते नुसता पगारी माणूस. भाऊंना स्वतःला सा आणि रे यांतला फरक कळत नव्हता, हे मी आज म्हणतो. तेव्हा मी मान डोलवत असे.

आमच्यात खरोखर गिटार वाजवणारा एकच होता. सुधीर वायाळ, कुंभार पिंपळगावचा, शेतकऱ्याघरचा मुलगा. मंठ्याला मामाकडे राहून कॉलेज करायचा. एका कॅसेटमधला सगळ्यात अवघड सोलो त्याने सात-आठ महिने घासून बसवला होता आणि तो चष्म्याचा आहे असं त्याचं ठाम म्हणणं होतं. बोटं कुठे सरकतात, कुठे थांबतात, यावरून त्याने ओळखलं होतं. कव्हरवर लाल पेनाने 'भुऱ्या'.

एका संध्याकाळी तो गिटार घेऊन आला आणि सगळ्यांसमोर तो सोलो वाजवून दाखवला. काय वाजवला होता! भाऊंनी ती कॅसेट लावली, स्टुलावर चढले, कान लावला, उतरले. "बोटं बराबर चालून राह्यली तुही, पन डोकं न्हाई. वाजवून राह्यला भुऱ्याचं अन् नाव घेतो चष्म्याचं. ज्याला मानूसच वळखू येत न्हाई त्यानं गिटार कह्याला धरावी?" सुधीर म्हणाला की वॉकमनवर तो उजव्या कानातच येतो. भाऊ म्हणाले, कानात बोळे घालून संगीत कळत नसतं, आणि याने बोळे उलटे घातले असतील. सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी हसलो.

सुधीरने वॉकमन माझ्यापुढे धरला. "सर, तुमी तरी लावून पाहा." मी घेतला नाही. भाऊंच्या निकालावर शंका घेतली तर दुकानातली माझी खुर्ची जाईल, इतकी साधी आणि इतकी हलकी गोष्ट होती ती. तो परत आला नाही. पुढे कळलं की गिटार त्याने मामेभावाला देऊन टाकली.

चार वर्षांनी सीडी आल्या आणि कॅसेटी भरून घ्यायला कोणी येईना. भाऊंनी दुकान मोबाइलवाल्याला द्यायचं ठरवलं. सामान काढायला मी गेलो होतो. टेपच्या मागची वायर सोडवताना दिसलं की डाव्या भोकातली वायर भिंतीवरून फिरून उजव्या स्पीकरला गेली होती आणि उजव्यातली डाव्याला. रंग देताना स्पीकर उतरवले असतील, परत लावताना उलटे जोडले. म्हणजे वर्षानुवर्षांचे सगळे निकाल उलटे. ज्याला आम्ही डोक्यावर घेतलं तो दुसराच होता.

मी वायर त्यांच्यासमोर धरली. त्यांनी कॅसेटी खोक्यात भरणं थांबवलंसुद्धा नाही.

"म्हाईत हाये."

"कधीपासून?"

"तो वायाळाचा पोरगा आल्ता न्हवं वॉकमन घेऊन? त्याच्या दुसऱ्याच दिवशी पाह्यलं."

"मंग बदलली का न्हाई?"

"बदलली असती त मंग तुमी लोक मला इच्यारायला आले असते का?"

हे ते अगदी शांतपणे म्हणाले. मला त्या माणसाची किळस आली. मी वायर टाकून निघून आलो आणि पुन्हा कधी त्यांच्याकडे गेलो नाही. दोन-तीन वर्षांनी ते वारले तेव्हाही गेलो नाही.

सुधीरला मात्र शोधून काढलं. जालन्यात एका बियाण्याच्या गोदामात तो हिशेबनीस होता. मी त्याला सगळं सांगितलं. वायरी, स्टूल, भाऊ काय म्हणाले ते. त्याचंच बरोबर होतं हे ऐकून तो खूश होईल, अशी माझी समजूत होती. त्याने चहा मागवला. आता ते संगीत ऐकत नाही म्हणाला. मी उठलो तेव्हा दारापर्यंत पोचवायला आला.

"त्यांचं सोडा, सर," तो म्हणाला. "त्यांचं दुकान होतं. तुमाला तर फकस्त कानाला लावून पाह्यचं होतं."