यातलं खरं किती, दामू?

सुमनबाई गेल्या, हे मुरबाडच्या जीपस्टँडवर मीच पहिल्यांदा सांगितलं, आणि सगळे हसले. "चल रे थापाड्या! काल तर बाई भाजी घेत होत्या." त्यांची चूक नाही. माझ्या जीपमध्ये बावन्न माणसं, सात बकऱ्या आणि एक अख्खी वरात मावली, घाटात वाघानं हात दाखवून गाडी थांबवली, हे याच स्टँडला मी तीस वर्षं ऐकवत आलोय. मी रडायला लागलो तेव्हा कुठं हसू थांबलं...

बाई आमच्या गावच्या अंगणवाडीच्या, माहेर शहापूरचं. मीटिंगला निघाल्या की माझ्या शेजारच्या सीटवर बसायच्या. माझी थाप संपली की खिडकीबाहेर बघत विचारायच्या, "यातलं खरं किती, दामू?"

नव्वदच्या दशकातली गोष्ट. खालच्या वाडीतली सहा वर्षांची सोनी. दिवाळी झाली तसे आईबाप वीटभट्टीवर गेले आणि पोर काकाकडे राहिली. आईकडं पळते म्हणून काकानं तिला ओटीच्या खांबाला बांधलेली मी जाता-येता पाहिली. पाहून काय केलं? गाडीत गोष्ट रंगवली. पहिल्या दिवशी दोर मनगटाएवढा, चौथ्या दिवशी अजगराएवढा, आठव्या दिवशी तर दोराला फणा फुटला! लोक पोट धरून हसले. त्या दिवशी शेजारी बाई होत्या.

"दोर केवढा होता, दामू?"

"अजगर, बाई!"

"खरं सांग."

"...सुतळी होती."

"कधीपासून?"

"आठ दिवस झाले."

"गाडी फिरव."

मागं कालवा उठला. "बाई, आमची कल्याणची यष्टी चुकंल ना!" "त्यांच्या घरातलं ते, आपल्याला काय करायचाय?" बाई मागं वळल्या. "तुमच्यातल्या कुणीच पोरीला पाहिली नाय?" मग एकेकाचं तोंड उघडलं. एका म्हातारीनं रडणं ऐकलं होतं. एकानं लांबूनच भाकरी टाकली होती. अख्ख्या जीपला थोडं थोडं ठाऊक होतं, आणि दुसरा कुणीतरी सांगेल म्हणून सगळे गप्प. बाईंनी त्या सगळ्यांना त्या ओटीपुढं उभं केलं, पोलिसांपुढं नावानिशी बोलायला लावलं. पोर सुटली. पण सुतळी मांसात रुतली होती. "आठ दिवस आधी आणायची," डॉक्टर म्हणाले. डावा हात गेला.

बाई मला त्यावरून कधीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं...

आता ती सीट मी रिकामी ठेवतो. पॅसेंजर शिव्या घालतात, घालू देत. मागच्या आठवड्यात, सकाळच्या फेरीला, वरच्या वाडीत एक पोर दिसली, मानेवर डाग. संध्याकाळी स्टँडवर तेच रंगवायला तोंड उघडलं, आणि नजर त्या सीटवर गेली. तसाच गाडी घेऊन गेलो. घराला कुलूप. सगळे दुपारीच भट्टीवर गेलेले. कुठल्या, ते कुणाला ठाऊक नाही. पोलिसांना सांगून आलोय. पण सांगणारा मी! कोण विश्वास ठेवणार?

म्हणून इथं लिहितोय. सात-आठ वर्षांची पोर, हिरवा फ्रॉक, मानेवर डाव्या बाजूला डाग, विडीच्या टोकाएवढे. दिसली तर वाट बघत बसू नका, जवळच्या चौकीवर सांगा. डाग दोनच आहेत. मी एकही वाढवलेला नाही, बाई.