जाऊबाई एवढे दिवस गप्प का होत्या

मंडळी, आज दुपारपासून फार हलकं वाटतंय.

मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावात ब्लाउज शिवायचं दुकान चालवतो. मागच्या महिन्यात मी व्यवसाय वाढवण्यावरचं एक पुस्तक वाचलं आणि वाशिमला दुसरं दुकान काढायचं ठरवूनच टाकलं. तेव्हापासून जाऊबाई गप्प. त्यांना माझ्यासोबत कामच नकोसं झालं की काय, ही धास्ती मला लागली होती.

आज दुकान बंद होतं, म्हणून घरी आम्ही मुलीचा व्यापाराचा खेळ मांडला. मी दिसेल ती जागा विकत घेत सुटले आणि पैसे संपून डावातून बाद झाले. जाऊबाई हसल्या नाहीत.

"तू दुकानाचंबी असंच करून राह्यली," त्या म्हणाल्या. "वाशिमले बसन कोण? रोज एसटीनं जाणं माह्याच्यानं होत नाई."

"मग तुमी सांगतलं काहून नाई?"

"तू एवढी खुश होती. तुले कसं सांगू?"

म्हणजे मी नकोशी नव्हते, रोजचा प्रवास नको होता. वाशिमचं आम्ही तिथंच थांबवलं आणि चहा ठेवला.

पुस्तक मला अजूनही पटतं. फक्त जाऊबाईंना विचारायचं राहून गेलं होतं.

तुम्ही नवं काही ठरवता, तेव्हा सोबतच्या माणसाला "तुले जमन का?" असं आधी विचारता का?