दामूअण्णांचा हौद पुणे रोडलाच होता

दामूअण्णा बरोबर होते. आम्ही बाराजण चुकलो होतो.

हे त्यांना सांगायचं राहून गेलं. आज त्यांना जाऊन वर्ष झालं, म्हणून इथे लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शाळेतून रिटायर झाल्यावर मी आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये 'जुन्या गप्पा' नावाचा ग्रुप सुरू केला. दर गुरुवारी पाच वाजता. सगळे साठीच्या पुढचे, आणि विषय एकच, आपलं जुनं नाशिक.

इतिहासकार आमच्यात एकही नाही. गुडघे मात्र सगळ्यांचे ऐतिहासिक.

दामूअण्णा पहिल्या दिवसापासूनचे मेंबर. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आख्खी नोकरी झाली. व्हॉट्सॲपच्या भानगडीत कधी पडले नाहीत. दर बुधवारी संध्याकाळी फोन करायचे.

"बाई, उद्या हाय ना?"

"अहो अण्णा, दर गुरुवारी असतंच की!"

"तरी विचारलेलं बरं."

मला वैताग यायचा. आता बुधवारी संध्याकाळी मी फोन चार्जिंगला लावत नाही, हाताशी ठेवते. वेडेपणा आहे, कळतंय मला.

तर, दीडेक वर्षापूर्वी आम्ही एक नकाशा करायला घेतला. आपल्या लहानपणीचा द्वारका चौक, जिथे पुणे रोड आणि आग्रा रोड मिळतात. फ्लायओव्हर नाही, सिग्नल नाही, हॉर्न नाहीत.

भिंतीएवढा कागद लावला. ज्याला जे आठवेल ते त्याने पेन्सिलीने काढायचं. भांडण झालं तर हात वर करून मतदान. जिंकेल ते मी मार्करने पक्कं करायचं.

हा नियम माझा. तीस वर्षं वर्गाचा मॉनिटर असाच निवडला, म्हटलं इतिहासही निवडू!

टांग्याच्या घोड्यांना पाणी पाजायचा एक हौद होता. त्यावरून वाजलं.

अण्णा म्हणाले, "हौद पुणे रोडच्या अंगाला. लिंबाखाली."

आमच्यातले एक रिटायर्ड इंजिनिअर म्हणाले, "छे हो! आग्रा रोडला होता. मी रोज तिथून शाळेत जायचो."

ते इतकं ठासून बोलले की हळूहळू आम्हा सगळ्यांना तसंच आठवायला लागलं. मलासुद्धा.

"अण्णा, लोकशाही आहे," म्हणत मी हात मोजले. बारा विरुद्ध एक.

हौद आग्रा रोडला काढला. मार्करने.

अण्णा नकाशाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माझा बाप तिथं टांगा लावायचा, बाई. लिंबाखाली. शाळा सुटली की मी घोडीला पाणी पाजायचो. मतदान करून तुम्ही माझा बापच हलवला की."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी हसले.

पुढच्या गुरुवारी अण्णा आले. नेहमीसारखा सगळ्यांसाठी भेळभत्ताही आणला. फक्त खुर्ची फिरवून, नकाशाकडे पाठ करून बसले.

"काय अण्णा, रुसलात की काय?"

"नाय हो. तिकडून डोळ्यावर ऊन येतं."

त्या भिंतीला खिडकीच नाही. मला दिसत होतं ना! तरी मी विषय बदलला, कारण चूक मान्य करायची सवय नाही मला. शाळेतही नव्हती.

त्यानंतर काही महिन्यांत अण्णा गेले. हार्ट ॲटॅक. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

गेल्या महिन्यात आमच्या ग्रुपमधल्या शालिनीताई एक अल्बम घेऊन आल्या. कपाट आवरताना सापडलेला, त्यांच्या आत्याच्या लग्नाचा.

त्यात वरातीचा एक फोटो. द्वारकेवरून वरात चाललीय. पुढे बँडवाले, कडेला फ्रॉकमधल्या चार वर्षांच्या शालिनीताई.

मागे त्यांच्या मामांचं दुकान, पाटीसकट. ते दुकान पुणे रोडला होतं, याबद्दल कुणाचंच दुमत नाही.

दुकानाशेजारी लिंब. लिंबाखाली हौद.

हौदापाशी एक टांगा, आणि घोडीचा लगाम धरून सरळ कॅमेऱ्याकडे बघणारा, मुंडासं बांधलेला माणूस.

इंजिनिअर साहेबांनी चष्मा काढला आणि परत घातला. शालिनीताई रडायलाच लागल्या. "मीपण हात वर केला होता हो, बाई. फोटो घरात असून."

मी तो फोटो घेऊन अण्णांच्या घरी गेले. वहिनींच्या हातात दिला.

"वहिनी, हे तुमचे सासरे का?"

त्यांनी खूप वेळ बघितलं. खिडकीपाशी नेऊन बघितलं.

"मला कसं ठाऊक असणार, बाई? हे अकरा वर्षांचे असतानाच ते गेले. घरात त्यांचा एकसुद्धा फोटो नाय. हे नेहमी म्हणायचे, दादांचा चेहरा आता नीट आठवत नाय, पण समोर आला तर लगेच ओळखीन."

मला तिथे बसवेना. चहा अर्धा टाकून उठले.

शालिनीताईंचं घर अण्णांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून आहे. फोटो इतकी वर्षं तिथल्या कपाटात होता. त्या गुरुवारी हात मोजण्याऐवजी मी "कुणाकडे जुना फोटो आहे का?" एवढं जरी विचारलं असतं, तरी अण्णांनी त्यांचे वडील पाहिले असते.

आता आम्ही नवा नकाशा केलाय. हौद पुणे रोडला, लिंबाखाली. शेजारी टांगाही काढला. टांग्यापुढे अण्णांच्या वडिलांचं नाव लिहायचं म्हणून मी मार्कर उघडला आणि तशीच उभी राहिले.

नाही लिहिलं. हेच ते, असं सांगू शकणारा जगात एकच माणूस होता, आणि त्याला मी बारा हात दाखवून गप्प बसवलं.

अण्णा, मला माफ करा. फार आठवण येते हो तुमची.

गुरुवारच्या आम्हा सगळ्यांचा तुम्हाला नमस्कार.