झिमरमान म्हणजे सुतार

आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी कुणाची नाडी धरलेली नाही, तरी आमचं आडनाव वैद्य. एवढं ध्यानात ठेवलं असतं तर होणाऱ्या व्याह्यांसमोर माझी शोभा झाली नसती.

माझ्या लेकीचं, जुईचं, टोबी झिमरमानशी लग्न ठरलं. त्याचे वडील वॉल्टर विस्कॉन्सिनहून पहिल्यांदाच आमच्याकडे श्रूजबरीला येणार होते. जुईने मला आधीच बजावलं, "बाबा, प्लीज, मूळचे कुठले, आडनाव कशावरून पडलं, असलं काही विचारू नकोस. इट्स सो ऑकवर्ड."

मी विचारलं नाही. (नेटवर आधीच वाचून ठेवलं होतं.) म्युलर म्हणजे गिरणीवाला, श्मिट म्हणजे लोहार आणि झिमरमान म्हणजे चक्क सुतार! मला देवच पावला. जुईची आई जाऊन चार वर्षं झाली, आणि तिने पुण्याहून विमानात मांडीवर धरून आणलेल्या देव्हाऱ्याचं दार तेव्हापासून निखळलेलं होतं. तो परक्या माणसाच्या हाती द्यायला मन धजत नव्हतं. पण व्याही म्हणजे घरचाच सुतार.

चहा झाल्यावर मी त्यांना देव्हाऱ्यापाशी नेलं, हा माझ्या बायकोचा, असं सांगितलं आणि हातात स्क्रूड्रायव्हर दिला. वॉल्टर जरा गडबडले, पण नाही म्हणाले नाहीत. अर्ध्या तासात दार बसलं. तिरकं बसलं, आणि दोन स्क्रू उरले. जर्मन पद्धत वेगळी असेल, असं मी मनाशी म्हटलं. तेवढ्यात स्क्रूड्रायव्हर सटकला आणि त्यांचा अंगठा कापला.

"बाबा, हे काय? ते जॉग्रफी टीचर होते," जुई धावत येऊन म्हणाली. "त्यांच्या घरी बल्बसुद्धा टोबी चेंज करतो."

वॉल्टरनी मात्र अंगठा निश्चिंतपणे माझ्यापुढे धरला. येण्याआधी त्यांनीही आमच्या आडनावाचा अर्थ वाचला होता म्हणे.

मी रक्त पाहिलं. शुद्धीवर आलो तेव्हा माझं डोकं व्याह्यांच्या मांडीवर होतं आणि ते माझ्या कपाळाच्या टेंगळावर बर्फ धरून बसले होते.

दार अजून तिरकंच आहे. मी कुणाला हात लावू देत नाही. रोज दिवा लावताना वाटतं, ही असती तर पोट धरून हसली असती.

टोबीच्या मामांचं आडनाव श्नायडर, म्हणजे शिंपी. लग्नातला माझा कोट कमरेत घट्ट होतोय, पण मी अजून त्यांना काही बोललेलो नाही. (जुईने त्यांचा नंबरच दिलेला नाही.)