बाबा माझ्या कार्यक्रमात झोपतात

माझी मावसबहीण मोठी संगीतकार आहे, ही बातमी मला आमच्या सुरतेतल्या बमरोलीचा केस कापणाराही सांगतो. मला! पेटीवर सा कुठे दाबायचा हे तिला ज्याने शिकवलं, त्याला! मानेवर वस्तरा असतो म्हणून मी "हो हो, फार मोठी" म्हणतो.

मोठी म्हणजे काय, तर ती जर्मनीत राहते आणि तिकडच्या वाद्यवृंदांसाठी शास्त्रीय संगीत लिहिते. लिहिते, वाजवत नाही. घाम दुसऱ्यांना, टाळ्या हिला. मी हळदीपासून वरातीपर्यंत स्वतः पेटी बडवतो, गातो, मधेच जनरेटर रुसला तर त्याचीही समजूत काढतो, आणि यजमान माझी ओळख "आमचे साऊंडवाले" अशी करून देतात. गल्लीतल्या बायका विचारतात, "पिक्चरची गाणी करत नाही, तर मग करते तरी काय?" मी फार प्रेमानं समजावतो की तिचं संगीत कुणाला गुणगुणता येत नाही. हे सांगितलं की मला दिवसभर गार वाटतं.

एवढंच असतं तर मी निभावून नेलं असतं. अडचण बाबांची. माझे वडील पांडेसऱ्यात लूम्सच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, जन्मभर कापड विणत आले. माझ्या प्रत्येक कार्यक्रमाला ते हौसेनं येतात, पुढच्या खुर्चीत बसतात आणि पहिल्याच गाण्यात झोपतात. घोरतात, आणि तेही बेसूर. या वयातही मला एकच हवं आहे: त्यांनी एकदा जागं राहून माझं वाजवणं ऐकावं. आणि मला नाही मिळालं, तर निदान तिला तरी मिळू नये.

मागच्या हिवाळ्यात ती सुरतेला आली. लूम्सच्या आवाजावर तिनं नवी रचना केली होती आणि ती इथेच पहिल्यांदा वाजणार होती. शहरातला थंडगार हॉल, जर्मनीहून आलेले वादक, आणि पुढच्या रांगा आमच्या गल्लीसाठी राखलेल्या.

"दादा, काकांना अगदी पुढे बसव हं."

"बसवतो. ते कुठेही झोपू शकतात."

"झोपू देत की. लहानपणी मी त्यांच्या घोरण्यावरच ताल धरायला शिकले."

घ्या! पेटी माझी, घोरणं माझ्या बापाचं, आणि नाव हिचं.

कार्यक्रम सुरू झाला. ती वादकांसमोर उभी राहून हातवारे करत होती. व्हायोलिनं खडखडू लागली, त्यांच्याखाली चेलो घरघरू लागले. अगदी खात्यासारखं, हे मला नाइलाजानं कबूल करावं लागतं. बाबांची मान हळूहळू कलली. मग ती ओळखीची घरघर. मला खुर्चीत नाचावंसं वाटलं.

तेवढ्यात तिनं हात वर केला आणि सगळं एकदम थांबलं. तिनं मधोमध एक शांतता लिहून ठेवली होती.

आमच्या माणसांना कारखान्यातली शांतता एकाच कारणासाठी ठाऊक: लाईट गेली. आणि लाईट गेली की चहाला जायचं, शेठला विचारायचं नाही. बाबांनी खाडकन डोळे उघडले.

"लाईट गई," ते खात्यातल्या आवाजात ओरडले. "चाला रे, चहा पी येऊत."

डोक्यावर दिवे लख्ख जळत होते! पण तिकडे कोण बघतो? पुढच्या सगळ्या रांगा कंबर चोळत उठल्या आणि बाहेर निघाल्या. मागच्या बाईंनी मला गुजरातीत विचारलं, संपलं का: "पती गयुं?"

"हा बेन, पती गयुं!" मी म्हणालो. इतक्या गोड आवाजात मी कधी गायलोही नसेन.

आता तिचा चेहरा पडलेला बघायचा होता. पण तिचा हात वरच. वादक गज हवेत धरून थिजलेले, आणि ही दाराकडे पाहून हसते आहे, वऱ्हाडाची वाट पाहणाऱ्या वधूच्या आईसारखी.

मी बाहेर गेलो. बाबा बशीत चहा फुंकत होते.

"कसं वाटलं बाबा?"

"मशीन बेस चाली ऱ्हायनं व्हतं." आणि एकाएकी बशी खाली ठेवून म्हणाले, "चाला, चाला. लाईट येई जाई."

माझ्या कार्यक्रमातून चहाला गेलेले बाबा थेट जेवणाच्या पंगतीत सापडतात. इथे ते सगळ्यांच्या पुढे जवळजवळ धावत आत गेले. मशीन सुरू होण्याआधी कारागीर मशीनपाशी हजर पाहिजे ना! सगळे बसले, तिनं हात खाली आणला, व्हायोलिनं पुन्हा खडखडली. बाबांची झोप उडाली होती. गुडघ्यांवर हात ठेवून ते ताठ बसले, शेवटच्या सुरापर्यंत. मी सारा वेळ त्यांच्या पापण्यांवर नजर ठेवून होतो. एकही मिटली नाही.

ती खाली येऊन त्यांच्या पाया पडली.

"काका, कसं वाटलं?"

"पोरी, इतली मोठी सुट्टी कोणता शेठ देस?"

ती खो खो हसली. म्हणाली, "आता मी हे असंच लिहिणार. लोक चहा पिऊन परत येईपर्यंत थांबायचं."

म्हणजे आमच्या गल्लीची चूकसुद्धा आता हिच्याच नावावर वाजणार.

"दादा, तू का गप्प?"

"घसा बसलाय."

"तू कुठे गायलास?"

"म्हणूनच."

घरी निघालो. स्कूटरवर बाबा मागे बसले आणि माझ्या पाठीवर बोटांनी तिचा ताल वाजवू लागले. खडखड, खडखड, मग थांबायचे, मग पुन्हा खडखड. "बाबा, पुरे," मी म्हणालो. त्यांना ऐकू गेलं नसावं, किंवा गेलंही असेल. बोटं चालूच राहिली. घराकडचं बमरोलीचं वळण आलं. मी वळलो नाही. उधन्याकडून लांबचा रस्ता घेतला.